फास्ट रिअॅक्टरचं इंधन आणि एफिशियन्सी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फास्ट रिअॅक्टरचा विषय निघाला की दोन टोकाची वाक्यं हमखास ऐकू येतात, एक म्हणजे "हा साठपट जास्त एफिशियंट असतो" आणि दुसरं "एवढा खर्च करून चाळीस टक्केच वीज मिळते". दोन्हीमागचे आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि एकत्र कालवले की सगळा गोंधळ होतो. म्हणून इंधनाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं जरा सविस्तर घेतले आहेत.

यात "फास्ट" काय असतं? वीज लवकर तयार होते का?

नाही, फास्ट असतात ते न्यूट्रॉन. विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, न्यूट्रॉन बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असतो. नेहमीच्या रिअॅक्टरमध्ये पाण्यावर आपटून आपटून तो सेकंदाला दोन-अडीच किलोमीटरवर येतो आणि मग पुढचं विखंडन करतो. फास्ट रिअॅक्टरमध्ये हे हळू करणारं पाणी किंवा ग्रॅफाइट ठेवतच नाहीत, त्यामुळे न्यूट्रॉन बऱ्यापैकी वेगात असतानाच कामाला लागतो.

मग वेगात ठेवून मिळतं काय?

जास्तीचे न्यूट्रॉन मिळतात, आणि सगळा खेळ त्यावरच आहे. प्लुटोनियम-२३९ ने हळू न्यूट्रॉन गिळला तर दर वेळी विखंडन होतंच असं नाही, बऱ्याचदा तो नुसताच गिळला जातो, त्यामुळे सरासरी काढली तर गिळलेल्या एका न्यूट्रॉनमागे जेमतेम दोनच्या थोडे वर न्यूट्रॉन हातात येतात. वेगवान न्यूट्रॉनला हाच आकडा अडीचच्या आसपास जातो. आता हिशोब बघा: एक न्यूट्रॉन साखळी चालू ठेवायला लागतो, एक युरेनियम-२३८ मध्ये घालून जळलेल्या अणूच्या जागी नवीन प्लुटोनियम बनवायला लागतो, म्हणजे दोन तिथंच संपले. वर उरलेल्या अर्ध्यात सगळी गळती, स्टीलने खाल्लेले, सोडियमने (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव धातूने) खाल्लेले असं सगळं बसवायचं आणि तरी थोडं उरलं तर ते ब्रीडिंग, म्हणजे जळालं त्यापेक्षा जास्त इंधन तयार होणं. शिवाय साधारण १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा न्यूट्रॉन युरेनियम-२३८ चंही थेट विखंडन करू शकतो, तो वेगळा बोनस.

याची किंमतही मोजावी लागते. हळू न्यूट्रॉनसाठी प्लुटोनियम-२३९ चा विखंडनाचा क्रॉस-सेक्शन (म्हणजे विखंडन व्हायची शक्यता, बार्न या एककात) ७५० बार्नच्या आसपास असतो, वेगवान न्यूट्रॉनसाठी दोन बार्नसुद्धा नाही. म्हणजे न्यूट्रॉनला अणू सापडणंच अवघड, म्हणून इंधनात प्लुटोनियम किंवा युरेनियम-२३५ चं प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के ठेवावं लागतं. नेहमीच्या रिअॅक्टरमध्ये ३ ते ५ टक्क्यांत भागतं.

युरेनियम-२३८ चं प्लुटोनियम होतं म्हणजे नक्की काय होतं?

युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन घेतला की ते युरेनियम-२३९ होतं, त्याचा अर्धायुकाल साडेतेवीस मिनिटं. त्यातून नेप्चुनियम-२३९, त्याचा अर्धायुकाल २.३६ दिवस, आणि त्यातून प्लुटोनियम-२३९. नैसर्गिक युरेनियममध्ये ९९.३ टक्के हे २३८ च असतं आणि सहज जळणारं २३५ फक्त ०.७ टक्के, त्यामुळे या ९९.३ टक्क्यांना कामाला लावता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

एफिशियन्सी मग नक्की किती धरायची?

तीन आकडे आहेत, ते वेगळे ठेवा.

पहिला उष्णतेतून वीज किती याचा. रशियाच्या बीएन-६०० या फास्ट रिअॅक्टरमध्ये १४७० मेगावॉट उष्णतेतून ६०० मेगावॉट वीज, म्हणजे जवळपास ४१ टक्के. कल्पक्कमच्या पीएफबीआर या फास्ट रिअॅक्टरचं डिझाइन १२५० मधून ५००, बरोबर ४० टक्के. पाण्यावरच्या रिअॅक्टरला हा आकडा ३३-३४ च्या आसपास असतो. हा फरक कोणत्या जादुई इंधनामुळे पडत नाही, तो पडतो सोडियम ५०० ते ५५० डिग्रीला बाहेर येतो म्हणून, पाणी ३२५ च्या आसपासच येतं.

दुसरा आकडा बर्नअप, म्हणजे एका फेरीत टाकलेल्या इंधनातले किती अणू जळाले. एक ग्रॅम जड धातूचं पूर्ण विखंडन झालं की साधारण एक मेगावॉट-दिवस उष्णता मिळते, हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशोब सोपा जातो. पाण्याच्या रिअॅक्टरमध्ये टनाला ४५-५५ हजार मेगावॉट-दिवस, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास जळतं. फास्टमध्ये १० टक्के ही आता नेहमीची गोष्ट मानतात आणि प्रयोगात याच्या बरंच वर गेलेले आहेत.

तिसरा, आणि माझ्या मते खरा महत्त्वाचा, खाणीतून काढलेल्या युरेनियमपैकी किती टक्क्यांची ऊर्जा शेवटी वापरली. नेहमीच्या रिअॅक्टरला हा एक टक्क्याच्याही खाली राहतो. "साठपट" वगैरे बोललं जातं ते याच्याबद्दल, आणि ते फास्ट रिअॅक्टर नुसता बांधल्याने मिळत नाही, पुढच्या प्रश्नात बघू.

म्हणजे फास्ट रिअॅक्टर बांधला तरी युरेनियम वाचत नाही?

रीप्रोसेसिंग (वापरलेलं इंधन विरघळवून उरलेलं युरेनियम-प्लुटोनियम परत काढणं) केलं नाही तर अजिबात वाचत नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोक स्पष्ट सांगतात म्हणून इथं आकडे मांडतो. समजा १९.७५ टक्के एनरिच केलेलं (म्हणजे २३५ चं प्रमाण तेवढं वाढवलेलं) एक किलो युरेनियम इंधन बनवायचं आहे, टाकाऊ युरेनियममध्ये ०.२५ टक्के २३५ सोडून द्यायचं असं धरलं तर त्यासाठी सुमारे ४२ किलो नैसर्गिक युरेनियम लागतं. ते इंधन फास्ट रिअॅक्टरमध्ये अगदी १५ टक्के जाळलं तरी जळालं १५० ग्रॅम, भागिले ४२ किलो, आलं ०.३६ टक्के. आता पाण्याच्या रिअॅक्टरचं बघा, ४.५ टक्क्याच्या एका किलोला ९.२ किलो नैसर्गिक युरेनियम, जळालं ५० ग्रॅम, आलं ०.५४ टक्के. म्हणजे एकदा वापरून फेकायच्या पद्धतीत फास्ट रिअॅक्टर उलट मागेच पडतो!

आता रीप्रोसेसिंग लावा. दर फेरीत १० टक्के जळतं, उरलेलं ९० टक्के परत आणताना आणि नवीन पिन (इंधन भरलेल्या बारीक नळ्या) बनवताना त्यातलं एक टक्का वाया जातं असं धरू. म्हणजे फेरीमागे १० भाग जळाले आणि ०.९ भाग वाया गेला, एकूण वापर ९१-९२ टक्के (डिप्लिटेड युरेनियम, म्हणजे २३५ काढून घेतल्यावर उरलेलं, पुरवत राहायचं, ते ढिगांनी पडून आहे). बर्नअप ५ टक्क्यांवर आणला तरी ८४ टक्के येतो. पण फेरीतलं नुकसान एक वरून तीन टक्के केलं की १० टक्के बर्नअपलाही आकडा ७९ वर घसरतो. प्रत्यक्षात हे सगळं गाठायला कित्येक फेऱ्या आणि कित्येक दशकं लागतात, त्यामुळे यातला बराच भाग कागदावरचा आहे, पण दिशा कळते: युरेनियमच्या वापराचा निकाल रिअॅक्टरइतकाच रीप्रोसेसिंगच्या प्लांटमध्ये लागतो. म्हणूनच इंधन निवडताना "हे परत विरघळवून वेगळं करता येईल का" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

इंधनाचे प्रकार किती आहेत?

मुख्य चार: ऑक्साइड, धातू, कार्बाइड आणि नायट्राइड. चारही पातळ स्टीलच्या नळीत भरतात, त्या नळीला क्लॅडिंग म्हणतात, आणि आत वायू साठायला मोकळी जागा ठेवतात.

ऑक्साइडमध्ये उष्णता नीट वाहत नाही म्हणतात, मग सगळीकडे तेच का?

कारण ते बनवायची आणि परत विरघळवायची सवय जगाला आधीपासून होती. पाण्याच्या रिअॅक्टरसाठी युरेनियम ऑक्साइडच्या पेलेट बनवायचे कारखाने होते, नायट्रिक अॅसिडमध्ये ऑक्साइड विरघळतं, युरेनियम आणि प्लुटोनियमचं मिश्र ऑक्साइड म्हणजे मॉक्स बनवायचा अनुभव होता. फ्रान्सचे फीनिक्स आणि सुपरफीनिक्स, जपानचा मोंजू, रशियाचा बीएन-८०० सगळे याच वाटेने गेले आणि बीएन-८०० तर २०२२ मध्ये पूर्ण मॉक्स कोअरवर (कोअर म्हणजे इंधन भरलेला गाभा) आला.

ऑक्साइडची दोन दुखणी आहेत. एक, उष्णता वाहून नेण्याची क्षमता धातूच्या मानाने फारच कमी, त्यामुळे पेन्सिलीपेक्षाही बारीक पिनच्या मधोमध तापमान २००० डिग्रीच्या वर जातं आणि कडेला त्याच्या निम्म्याच्याही खाली असतं. एवढ्या फरकाने पेलेटची आतली रचनाच बदलते, मध्ये भोक पडतं, प्लुटोनियम मधल्या भागाकडे सरकतं. वितळायचा बिंदू २७००-२८०० डिग्रीच्या आसपास असल्यामुळे ते निभावतं. दुसरं, ऑक्सिजन हलका अणू असल्यामुळे न्यूट्रॉनचा वेग थोडा कमी करतो आणि जागाही अडवतो, त्यामुळे ब्रीडिंग कमी होतं.

धातूचं इंधन ११०० डिग्रीलाच वितळतं, मग ते सुरक्षित कसं म्हणता?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. वितळायचा बिंदू कमी आहे हे खरं, पण धातूतून उष्णता इतकी सहज बाहेर जाते की चालू रिअॅक्टरमध्ये पिनचा मध्यसुद्धा सोडियमपेक्षा फार जास्त तापलेला नसतो. म्हणजे इंधनात साठलेली उष्णताच कमी.

याचा खरा फायदा पंप बंद पडल्यावर दिसतो. समजा पंप थांबले आणि कंट्रोल रॉडही (न्यूट्रॉन गिळून साखळी थांबवणारे) आत गेले नाहीत. सोडियम तापतं, कोअर प्रसरण पावतं, न्यूट्रॉन जास्त गळतात, पॉवर पडायला लागते. इथपर्यंत ऑक्साइड आणि धातू सारखेच. पण ऑक्साइड पॉवर पडताना हजारभर डिग्रीने थंड होतं आणि इंधन थंड झालं की डॉप्लर परिणाम (इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतं) उलटा फिरून रिअॅक्टिव्हिटी, म्हणजे साखळी वाढायचा कल, परत वाढवतो, मग ती दाबायला सोडियमला आणखी तापावं लागतं. धातूचं इंधन मुळातच फार तापलेलं नसल्याने ही परतफेड छोटी असते आणि सगळं कमी तापमानाला स्थिरावतं. ३ एप्रिल १९८६ ला अमेरिकेत आयडाहोच्या ईबीआर-२ या प्रायोगिक फास्ट रिअॅक्टरमध्ये हे करून दाखवलं, पूर्ण पॉवरवर असताना एकदा पंप बंद केले, त्याच दिवशी दुसऱ्यांदा उष्णता बाहेर नेणंच बंद केलं, दोन्ही वेळा रॉड आत न टाकता रिअॅक्टर स्वतःहून शांत झाला आणि इंधनाला इजा झाली नाही. तीन आठवड्यांनी चेर्नोबिल झालं आणि या प्रयोगाकडे जगाचं लक्षच गेलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

धातूची खरी अडचण वेगळी आहे: सव्वासातशे डिग्रीच्या आसपास युरेनियम आणि स्टीलमधलं लोखंड मिळून दोघांच्याही आधीच वितळणारं मिश्रण तयार करतात, म्हणजे क्लॅडिंग आतून खाल्लं जातं. म्हणून झिरकोनियम १० टक्क्यांच्या आसपास मिसळतात आणि क्लॅडिंगच्या तापमानावर मर्यादा ठेवतात.

धातू इतका चांगला तर सुरुवातीलाच का नाही घेतला?

सुरुवातीला घेतलाच होता. २० डिसेंबर १९५१ ला ईबीआर-१ ने चार बल्ब पेटवले ते धातूच्याच इंधनावर. पण तेव्हा नळीत इंधन ठासून भरायचे, विखंडनाच्या वायूंनी धातू फुगायचा आणि थोड्याशा बर्नअपलाच क्लॅडिंग फाटायचं. नंतर लक्षात आलं की नळीतली साधारण पाव जागा रिकामी ठेवायची आणि तिथं सोडियम भरायचं. इंधन साधारण ३० टक्के फुगलं की आतली छिद्रं एकमेकांना जोडली जातात, वायू आपोआप वरच्या मोकळ्या जागेत निघून जातो आणि मग नळीवर तेवढा दाब येतच नाही. इतका साधा उपाय, पण तो पक्का होईपर्यंत बहुतेक देश ऑक्साइडकडे वळून गेले होते. ईबीआर-२ मध्ये पुढे हे इंधन २० टक्क्यांच्या जवळपास बर्नअपपर्यंत गेलं.

कार्बाइड आणि नायट्राइडचं काय?

दोन्हीत धातूसारखी उष्णता वाहते आणि वितळायचा बिंदूही उंच, म्हणजे ऐकायला दोन्हीकडचं चांगलं. घनताही जास्त, युरेनियम ऑक्साइड घनसेंटिमीटरला ११ ग्रॅमच्या आसपास तर नायट्राइड १४ च्या वर.

कार्बाइडचा सगळ्यात मोठा अनुभव कल्पक्कमच्या एफबीटीआर या छोट्या चाचणी रिअॅक्टरचा आहे, १९८५ पासून. छोट्या कोअरला लागणारं हाय एनरिच्ड युरेनियम मिळालं नाही, इतकं जास्त प्लुटोनियम घातलेलं ऑक्साइड सोडियमशी जुळेना, म्हणून ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि ३० टक्के युरेनियम कार्बाइड असं इंधन घेतलं जे तोवर कुणी मुख्य इंधन म्हणून चालवलं नव्हतं, आणि ते टनाला १६५ हजार मेगावॉट-दिवसांपर्यंत गेलं. कौतुक करावं असंच हे काम आहे. पण कार्बाइडची पावडर हवेत पेट घेते, सगळं काम निष्क्रिय वायूच्या ग्लव्हबॉक्समध्ये करावं लागतं, आणि नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवताना कार्बनची सेंद्रिय संयुगं तयार होऊन पुढच्या रसायनात लुडबुड करतात.

नायट्राइड अॅसिडमध्ये नीट विरघळतं. अडचण अशी की साधा नायट्रोजन-१४ न्यूट्रॉन घेऊन कार्बन-१४ बनतो, ज्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षं, आणि न्यूट्रॉनही वाया जातात. नायट्रोजन-१५ वापरला तर हे टळतं पण निसर्गात तो अर्धा टक्कासुद्धा नाही, वेगळा करायला खर्च. सेव्हर्स्कला २०२१ पासून बांधकाम चालू असलेला शिशावर चालणारा ब्रेस्ट-ओडी-३०० हा नायट्राइडवरच आधारलेला आहे.

इंधन आणखी जास्त का जाळत नाहीत? अजून जळण्यासारखं असतं ना आत?

असतं, भरपूर असतं. थांबावं लागतं ते स्टीलमुळे. वेगवान न्यूट्रॉन क्लॅडिंगच्या अणूंना जागेवरून उडवत राहतात, आणि इंधनाच्या आयुष्यात स्टीलचा प्रत्येक अणू सरासरी शंभरेक वेळा हलवला जातो. त्यातून स्टीलच्या आत सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, स्टील फुगतं, पिन वाकतात, सोडियमची वाट अरुंद होते. साधं ऑस्टेनिटिक स्टील यात लवकर हरतं, टायटॅनियम घातलेलं डी-९ बरंच पुढं जातं, एचटी-९ सारखं फेरिटिक-मार्टेन्सिटिक स्टील फुगण्याच्या बाबतीत सगळ्यात भारी, पण साडेपाचशे-सहाशेच्या वर त्याची ताकद घटते. म्हणजे जास्त बर्नअप हवा तर हे स्टील आणि जास्त तापमान हवं तर दुसरं. ऑक्साइडचे बारीक कण विखुरलेलं ओडीएस स्टील दोन्ही देऊ शकेल, पण त्याच्या लांब पातळ नळ्या ओढणं आणि जोडणं कठीण आहे. इंधनाच्या चर्चेत सगळे पेलेटबद्दल बोलतात, मला विचाराल तर निम्मी चर्चा नळीबद्दल व्हायला हवी.

तापमान वाढवून ५० टक्के वीज का काढत नाहीत?

वरचंच कारण, क्लॅडिंग. सोडियम ८८३ डिग्रीला उकळतं, शिसं १७४९ ला, म्हणजे शीतकाकडून अडचण नाही, पण स्टील तिथपर्यंत टिकत नाही. शिशाचं तर ५०० च्या वर स्टीलला खाणंही वाढतं, आणि ३२७ च्या खाली ते गोठतं.

ब्रीडिंग रेशो (जळालेल्या एका अणूमागे जळणारे किती नवीन बनले) जितका जास्त तितका चांगला रिअॅक्टर?

पूर्वी असं धरायचे कारण युरेनियम लवकर संपेल अशी भीती होती. फीनिक्सने १.१६ प्रत्यक्षात मोजून दाखवला, धातूच्या इंधनात याच्या वर जाता येतं. पण रेशो जास्त म्हणजे भोवती युरेनियमचं ब्लँकेट जास्त, आणि ब्लँकेटमध्ये तयार होणारं प्लुटोनियम फार शुद्ध २३९ असतं, शस्त्राच्या दृष्टीने ते चिंतेचं. नव्या रिअॅक्टरांची संख्या झपाट्याने वाढवायची असेल तर जास्त रेशो लागतोच, नाहीतर एकच्या आसपासचा रेशो, ब्लँकेटशिवाय, मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

प्लुटोनियम काढून वर्षानुवर्षं साठवून ठेवलं तर चालतं का?

खराब होतं. त्यातलं प्लुटोनियम-२४१ सुमारे १४ वर्षांच्या अर्धायुकालाने अमेरिसियम-२४१ बनतं, जे गॅमा किरण सोडतं, त्यामुळे इंधन बनवणाऱ्या कामगारांना डोस वाढतो आणि जळणारं प्लुटोनियमही कमी होतं. काढलं की लवकर वापरा.

थोरियम टाकलं तर?

ब्लँकेटमध्ये टाकता येतं, युरेनियम-२३३ तयार होतं. पण वेगवान न्यूट्रॉनमध्ये प्लुटोनियम जितके जास्तीचे न्यूट्रॉन देतं तितके २३३ देत नाही, आणि थोरियमचं थेट विखंडनही युरेनियम-२३८ पेक्षा कमी होतं. २३३ चा खरा फायदा हळू न्यूट्रॉनच्या रिअॅक्टरमध्ये आहे.

नवीन इंधन यायला इतकी वर्षं का लागतात?

कारण ते तपासायला वेगवान न्यूट्रॉनच लागतात आणि ते देणारी ठिकाणं जगात अगदी मोजकी उरली आहेत. अमेरिकेचा एफएफटीएफ १९९२ ला थांबला, ईबीआर-२ १९९४ ला, फीनिक्स २००९ ला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या रशियाच्या बोर-६० वर इतकी वर्षं बराच भार राहिला. एक नमुना शंभर डीपीएपर्यंत (प्रत्येक अणू सरासरी शंभर वेळा हलेपर्यंत) न्यायला काही वर्षं, मग थंड व्हायला वेळ, मग जाड काचेमागे हॉट सेलमध्ये यांत्रिक हातांनी कापून तपासायचं, आणि त्यात काही वेगळं दिसलं तर मिश्रण बदलून पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटर मॉडेलमुळे कोणते नमुने टाकायचे हे आता आधी ठरवता येतं, पण परवाना देणारी यंत्रणा शेवटी जळालेल्या पिनचे मोजलेले आकडेच मागते, आणि ते बरोबरच आहे.